प्रशासकीय कारणास्तव

निवडणुकीचा निकाल लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा कार्यालय अधीक्षकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.

मी तेव्हा चाकणच्या बाजूच्या एका छोट्या नगरपरिषदेत आस्थापना विभागाची लिपिक होते. गावाचं नाव सांगायची गरज नाही. आस्थापना म्हणजे कर्मचाऱ्यांची सगळी कागदपत्रं. कोण कधी लागला, कुठे बदलला, किती रजा घेतली, कुणावर ठपका आला, हे सगळं आमच्या कपाटातल्या सेवापुस्तकांत असायचं. राहायला मी काळेवाडीत. रोज सकाळी नाशिक फाट्यापर्यंत एक बस, तिथून दुसरी, आणि पुढे कंटेनरच्या मागे गाडी जेवढी सरकेल तेवढी.

अधीक्षकांनी एका चिठोऱ्यावर एक नाव लिहून माझ्यापुढे सरकवलं. पाणीपुरवठा विभागातल्या वॉलमनचं नाव होतं. वॉलमन म्हणजे पाण्याच्या वेळेला प्रत्येक भागाचा वॉल उघडणारा आणि वेळ झाली की बंद करणारा माणूस. हा गावच्याच जुन्या शेतकरी घरातला. शेतावर आता कंपनीची शेड होती. पन्नाशीच्या पुढचा, बोलायला कमी. हँडलला लांब लोखंडी चावी बांधून स्कूटरवरून फिरताना मी त्याला येता-जाता बघायचे.

"याला कचरा डेपोला टाकायचंय," अधीक्षक म्हणाले. "आदेश आजच काढा."

"कारण काय घालू?"

"प्रशासकीय कारणास्तव. नेहमीचंच."

कारण मला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. वॉलमनची भावजय निवडणुकीत पडलेल्या पॅनलकडून उभी होती. जिंकलेल्या पॅनलच्या नेत्याने आपल्या घरातला उमेदवार दिलेला वॉर्ड, आणि तिथे ती थोडक्यात पडली होती. नेत्याचं म्हणणं असं की वॉलमनने प्रचाराच्या दिवसांत त्यांच्या लोकांच्या गल्लीला पाणी कमी सोडलं.

"आणि त्याआधी एक नोटीस हवी," अधीक्षक पुढे म्हणाले. "मागच्या महिन्यात दोन दिवस न सांगता गैरहजर होता म्हणून. तारीख मागची घाला."

"हजेरीपटावर तर तो हजर आहे."

"हजेरीपटाचं मी बघतो. तुम्ही नोटीस तयार करा."

मी टेबलावर परत आले आणि त्याचं सेवापुस्तक काढलं. एकदा महामार्गाच्या कामात मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा सलग तीन दिवस घरी न जाता काम केल्याबद्दल त्यात एक प्रशंसापत्राची नोंद होती. बाकी रजा, वेतनवाढी, एक अर्जित रजा मुलाच्या लग्नासाठी. ठपका एकही नव्हता.

तेव्हा मी काय विचार केला हे प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात त्या माणसाचा विचार फार नव्हता. मला भीती वाटली. मागच्या तारखेची नोटीस काढली आणि उद्या ती कुणी उकरून काढली, तर खाली आद्याक्षरं माझी असणार होती. अधीक्षकांची सही सगळ्यांत शेवटी, आणि ते दोन वर्षांत निवृत्त होणार होते. माझी चौदा वर्षं राहिली होती. नवऱ्याची भोसरीतली कंपनी कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. म्हणून मी नोटीस तयार केली नाही. बदलीच्या फाईलवर मात्र टिपणी लिहिली, दोनच वाक्यांची. सदर कर्मचाऱ्याविरुद्ध अभिलेखावर कोणतीही लेखी तक्रार आढळून येत नाही. बदलीचे कारण नमूद होण्यास विनंती. खाली सही, तारीख, आणि फाईल वर पाठवली.

तासाभरात फाईल परत आली. अधीक्षक ती स्वतः घेऊन आले होते.

"मॅडम, हे काय लिहिलंय?"

"जे आहे ते."

"पान काढा. दुसरं लावा."

"पानांवर क्रमांक पडलेत, साहेब."

त्यांनी फाईल मिटली. वाईट माणूस नव्हता. माझ्या मुलाच्या आजारपणात त्यांनी रजेचा अर्ज न बघताही सही केली होती. "तुम्हाला कळत नाही असं नाही," एवढंच म्हणाले आणि गेले.

शनिवारी सकाळी मला नेत्याच्या संपर्क कार्यालयातून फोन आला.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मी मूळची लातूरकडची. लग्न होऊन काळेवाडीत आले तेव्हा सासरे एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला होते. त्यांना मी मामा म्हणायचे. मी बारावी झालेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या. नगरपरिषदेची जाहिरात आली, मी अर्ज केला, लेखी परीक्षा दिली. मामांची या नेत्याशी ओळख होती. नेता तेव्हा नवा नगरसेवक होता आणि त्याची एक गाडी मामांच्या कंपनीत भाड्याने लागलेली असायची. मामा मला घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या. महिन्याभराने मला नेमणुकीचं पत्र आलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात हे ठरून गेलं की सुनेची नोकरी मामांनी लावली. दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन नेत्याच्या घरी जायचे. ऑफिसातही मी 'त्यांचं माणूस' होते. कुणी तोंडावर म्हणत नसे, पण चहाच्या वेळी मी आले की विषय बदलायचा.

आस्थापना विभागात आल्यावर पहिल्याच वर्षी जुन्या फाइली लावताना मला माझ्याच भरतीची फाईल सापडली. जागा तीन होत्या आणि गुणवत्ता यादीत मी दुसरी होते. यादीवर सोमवारी सह्या झाल्या होत्या. नेत्याची चिठ्ठी गुरुवारी आवक झालेली. तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांनी तिच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने लिहिलं होतं, यादी अंतिम झाली आहे, दाखल. म्हणजे चिठ्ठीवर काही न करता ती नुसती फायलीला लावली होती. मी ते दोनदा वाचलं आणि फाईल जागेवर ठेवली. घरी काही सांगितलं नाही. मामांना त्या नोकरीचा फार अभिमान होता. चार माणसांत बसले की ती गोष्ट ते सांगायचेच. ते जाईपर्यंत मी फराळाचा डबा नेत राहिले, आणि ते गेल्यावर थांबवला.

तर शनिवारी मी गेले. संपर्क कार्यालयात हार-तुरे अजून कोपऱ्यात पडले होते. नेत्याने बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं, मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"सूनबाई," तो म्हणाला. मामांमुळे तो मला सूनबाईच म्हणायचा. "तुला नोकरी कुणी लावली?"

मी ठरवून काही गेले नव्हते. पण तो प्रश्न इतका सरळ आला की उत्तरही सरळच बाहेर पडलं.

"साहेब, मी यादीत दुसरी होते. तुमची चिठ्ठी यादी झाल्यावर तीन दिवसांनी आली. फायलीत आहे ती. दाखल म्हणून शेरा आहे."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता चिडेल. तो चिडला नाही.

"तुझ्या सासऱ्याला माहीत होतं हे?"

"नाही."

"तू सांगितलं नाहीस?"

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला. आणि मग आवाज बदलून, "पण फायलीवर लिहिलंस ते चुकलं तुझं."

"त्यात चुकीचं काय आहे, साहेब?"

"चुकीचं असतं तर फाडून टाकलं असतं. बरोबर आहे म्हणूनच नडतंय. जा आता."

पुढच्या मंगळवारी दोन आदेश निघाले. एक वॉलमनचा, कचरा डेपोला. दुसरा माझा, जन्म-मृत्यू नोंदणीला. दोन्हींवर प्रशासकीय कारणास्तव. माझ्या जागी बांधकाम विभागातला एक लिपिक आला आणि त्याने दोन्ही आदेश टाइप केले. मुख्याधिकारी त्या वेळी असे होते की समोर आलेल्या कागदावर कुठे सही करायची एवढंच विचारत. मागच्या तारखेची नोटीस मात्र निघाली नाही. त्या नव्या लिपिकालाही बहुतेक आद्याक्षरांची काळजी असावी.

जन्म-मृत्यूची खिडकी तळमजल्यावर, जिन्याखाली. दिवसभर लोक दाखले मागायला येत. बाळाच्या नावाचं स्पेलिंग, आजोबांच्या मृत्यूची तारीख. खरं सांगायचं तर ते काम मला आवडलं. तिथे कुणाला कुणाच्या जागी बसवायचं नसायचं. पण वर कामाला गेले की जुने सहकारी फक्त मान हलवायचे. माझ्याबरोबर रोज डबा खाणारी एक बाई तेव्हापासून दुसऱ्या टेबलावर जेवायला बसू लागली. तिचा भाऊ नगरपरिषदेतच ठेक्यावर लागलेला होता, त्यामुळे मला तिचा राग आला नाही.

दोनेक महिन्यांनी वॉलमन माझ्या खिडकीशी आला. डेपोत राहून त्याचे डोळे लाल झाले होते.

"ताई, माहितीच्या अधिकाराचा फॉर्म कुठं मिळतो?"

"कशासाठी?"

"मला कारण पायजे. डेपोला जायला माझी ना न्हाई. पगार तोच हाय, काम कामच. पण माझी चूक असंल तर चूक म्हणून लिवा की. हे प्रशासकीय म्हंजी काय हाय?"

मी त्याला फॉर्म दिला, कुठे काय भरायचं ते दाखवलं. माझ्या टिपणीबद्दल एक शब्द बोलले नाही. ते सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं. फॉर्म घेऊन तो वळला तेव्हा एवढंच म्हणाले, "आदेशाची प्रत मागाल तर नुसता आदेश देतील. टिपणीसकट मागा."

त्याने मागितली. महिनाभर थांबून एकदा अपील केलं, तेव्हा मिळाली. माझी दोन वाक्यं त्याच्या हातात पडली. ती जोडून त्याने जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रार केली. तारखा पडत गेल्या. तो सुट्टी टाकून बसने पुण्याला जायचा, बाकावर बसायचा आणि परत यायचा. पडलेल्या पॅनलचे लोक त्याला म्हणाले, आपण पत्रकार परिषद घेऊ. तो नको म्हणाला.

दीड वर्ष गेलं. मधल्या काळात मुख्याधिकारी बदलले. नव्या मुख्याधिकारी म्हणजे कोकणातली एक तिशीतली बाई. शेवटच्या सुनावणीला त्या स्वतः गेल्या. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना एकच प्रश्न विचारला, म्हणे. या बदलीचं कारण फायलीत कुठे आहे? त्या म्हणाल्या, कुठेही नाही. बदली रद्द झाली. वॉलमन परत पाणीपुरवठ्याला आला, आणि पंधरा दिवसांत मला परत वर बोलावणं आलं.

"टिपणी तुमची?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"मग आस्थापनेतच बसा."

त्यांनी तीन गोष्टी केल्या. प्रत्येक बदलीच्या आदेशात कारण लिहायचं, आणि ते कारण फायलीतल्या कागदाला धरून असायला हवं. कोणत्या जागेवर कोण किती वर्षं आहे याची यादी दर्शनी फलकावर लावायची. आणि नेमणुकीसाठी, बदलीसाठी कुणाचाही फोन किंवा चिठ्ठी आली की ती एका नोंदवहीत लिहायची. कोण बोललं, कुणासाठी, कधी. बैठकीत त्यांनी वर्तणुकीच्या नियमांतला एक नियम वाचून दाखवला, की स्वतःच्या नोकरीच्या बाबतीत बाहेरचा दबाव आणणं हीच कर्मचाऱ्याची गैरवर्तणूक. नियम जुनाच होता. आमच्यापैकी बहुतेकांनी तो विभागीय परीक्षेत पाठ करून लिहिला होता.

"मॅडम, हे गावात चालणार नाही," अधीक्षक म्हणाले.

"किती दिवस चालतं ते बघू," त्या म्हणाल्या.

नोंदवही माझ्या टेबलावर आली. पहिल्या महिन्यात पाच पानं भरली. दोन्ही पॅनलचे लोक होते, त्यात फरक नव्हता. एका नगरसेवकाचा फोन आला. मी म्हणाले, नोंदवहीत लिहायचंय, आपलं पूर्ण नाव सांगा. तो म्हणाला, राँग नंबर लागला वाटतं. हळूहळू फोन कमी झाले. बंद झाले नाहीत. काही जण थेट वाकडला मुख्याधिकाऱ्यांच्या सोसायटीच्या गेटवर जाऊ लागले. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मला नावं सांगायच्या आणि मी लिहायचे.

नंतर ठेक्यावरच्या संगणक चालकांच्या दोन जागा निघाल्या. अर्जांची मुदत संपायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वॉलमन माझ्या टेबलाशी आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"सुनेचा अर्ज भरलाय. हे पत्र हाय सोबत. तेवढं ठेवा तिच्या कागदात."

मी पाकीट उघडलं. लेटरहेड त्याच नेत्याचं होतं.

"तुम्ही त्यांच्याकडे गेलात?"

"गेलो."

"एवढं सगळं झाल्यावर?"

"गावात ऱ्हायाचं हाय, ताई. त्यांच्या पुतण्याच्या लग्नात पाण्याचं समदं मीच बघितलं. ते म्हनले, झालं गेलं इसरून जा. मंग म्यां बी इसरलो." मग थोडं थांबून, "पोरगी हुशार हाय. पन सगळेच आणत्यात पत्र. आमी न्हाई आणलं तर आमीच मागं ऱ्हातो."

मामासुद्धा हेच म्हणाले होते, जवळजवळ याच शब्दांत. मी त्याला ते सांगितलं नाही.

"हे मला नोंदवहीत लिहावं लागेल," मी म्हणाले. "त्यांचं नाव, तुमचं, सुनेचं."

त्याचा चेहरा उतरला. "मंजी तिचं नुकसान व्हईल?"

"फायदा होणार नाही. नुकसानही व्हायला नको. पण लिहावं लागेल."

"तुमी तवा माझ्यासाठी लिवलं. आता माझ्याविरुद्ध लिवणार?"

"तेव्हाही मी तुमच्यासाठी लिहिलं नव्हतं."

हे मी जरा कोरडेपणानेच म्हणाले असेन. खरं होतं, पण तो माणूस दीड वर्ष डेपोत राहिला होता आणि इतके दिवस त्याला वाटत होतं की या ऑफिसात एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे. तो पाकिटाकडे बघत उभा राहिला. सुट्टी संपत आली होती, जिन्यावर पावलं वाजायला लागली.

नियमाने मी ते पत्र तिथल्या तिथे नोंदवायला हवं होतं. मी ते पाकिटात घातलं आणि पाकीट त्याच्या हातात परत दिलं.

"हे अजून आवक झालेलं नाही. घेऊन जा. अर्ज आलाय तिचा, तेवढा पुरे."

तो गेला. नोंदवहीत त्या दिवशी मी काही लिहिलं नाही, आणि मुख्याधिकाऱ्यांनाही सांगितलं नाही. दोनदा सांगायला म्हणून त्यांच्या दारापर्यंत गेले. पण सांगितलं असतं तर पत्र परत दिल्याला अर्थ राहिला नसता. तेव्हा मी दिलं ते सवलत म्हणूनच दिलं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं का, हे मला सांगता येणार नाही.

परीक्षा झाली. सून पाचवी आली. जागा दोनच होत्या. यादी फलकावर लागली तेव्हा वॉलमन हातात ती लोखंडी चावी घेऊन तिथे उभा होता, त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. समोरून आला की स्कूटर हळू करायचा नाही. पहिल्या दोघांपैकी एक मुलगी विरोधी पॅनलच्या एका कार्यकर्त्याची भाची निघाली. तेव्हा गावात सगळ्यांची खात्री पटली की आस्थापनेतली बाई आता त्यांच्याकडून आहे. ती मुलगी पहिली आली होती, आणि तिच्यासाठी कुणाचाही फोन आला नव्हता. हे मी कुणाकुणाला सांगणार होते?

सुनेला पुढे चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात काम मिळालं. हे मला तिनेच सांगितलं, बाळाचा जन्मदाखला घ्यायला आली होती तेव्हा वर माझ्या टेबलाशी येऊन. कंपनीची बस कोपऱ्यापर्यंत येते म्हणाली, शिफ्ट फिरती आहे पण सासूबाई बाळाला सांभाळतात. "बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय," असंही म्हणाली. ते त्यांनी सांगितलं होतं की तिने स्वतःहून जोडलं, ते कळलं नाही.

मुख्याधिकारी मॅडमची मुदत पूर्ण झाली आणि त्या विदर्भात गेल्या. त्यांच्या जागी आलेल्यांनी नोंदवही बंद करा असं म्हटलं नाही, आणि बघायलाही मागितली नाही. मी लिहिते. पानं पूर्वीइतकी भरत नाहीत. फोन कमी झाले की माझ्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागले, हे मला इथे बसून कळत नाही. बदलीच्या आदेशात कारण लिहायची पद्धत मात्र राहिली. आता कारणं लिहिली जातात. काही खरी असतात.

मागच्या उन्हाळ्यात वॉलमन निवृत्त झाला. सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. नेता पाहुणा म्हणून आला होता. त्याने वॉलमनच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. वॉलमनने तो दोन्ही हातांनी घेतला. मी मागच्या रांगेत होते. त्याचं सेवापुस्तक मीच बंद केलं होतं. बदलीची आणि बदली रद्द झाल्याची अशा दोन नोंदी एकाखाली एक, आणि शेवटी निवृत्तीची.

त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला, माइकपासून जरा लांबच उभा राहिला. मला वाटलं, काहीतरी म्हणेल. त्याने सभागृहात नव्या वॉलमनला शोधलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाला, "मारुतीच्या देवळामागचा वॉल उलटा फिरतो. जोर लावू नका, मोडंल." मग नमस्कार करून खाली बसला.